मनगटावर त्रेसष्ट

जावयाने सासूला यादी पाठवावी, आणि तीही बावीस कलमांची, हे सिस्टरबाईंना मुळीच पटलं नव्हतं. चाळीस वर्षं त्यांनी ऑपरेशन थिएटरमध्ये काढली होती. भलेभले सर्जन त्यांच्यापुढे हात वर करून गप उभे राहायचे, आणि हा कालचा पोरगा, पाणीपुरवठ्याच्या पंपावर नोकरी करणारा, त्यांना सांगणार बॅगेत काय भरायचं! पण लेकीचं बाळंतपण होतं. लेक ज्या देशात राहत होती तिथे गेली दोन वर्षं कशाचाच भरवसा उरला नव्हता, ना विजेचा, ना पिठाचा, ना औषधाचा. म्हणून बाईंनी नाक मुरडलं, चष्मा लावला आणि यादी वाचली.

मेणबत्त्या आणा. साबण आणा, सुई-दोरा आणा. लिफ्टमध्ये पाय ठेवू नका, मध्येच वीज गेली तर दोन-दोन तास लटकाल. नळाला पाणी आलं की हातातलं काम टाकून आधी भांडी भरा. कुणाकडे गेलात तर चहाला एकदा नाही, तीनदा नको म्हणा, कारण ते लोक तुमच्यासाठी आठवड्याची साखर काढतील. अमुक वस्तू कुठून मिळाली असं कुणाला विचारू नका. रांग दिसली तर आधी उभ्या राहा, मग विचारा कशाची आहे.

आणि बाविसावं कलम होतं, 'आई, घाबरू नका.'

"मी घाबरते?" सिस्टरबाई रिकाम्या घरात मोठ्याने म्हणाल्या. "अरे, मी घाबरले असते तर किती जण जिवंत घरी गेले असते?" मग त्यांनी जावयाची यादी बाजूला ठेवली आणि बॅगेत सगळ्यात आधी स्वतःच्या वस्तू भरल्या. स्पिरिटच्या दोन मोठ्या बाटल्या, कापसाची गुंडाळी, पट्ट्या, कात्री. मेणबत्त्या नंतर.

खरं सांगायचं तर यादी चांगली होती. आल्यापासूनच्या तीन आठवड्यांत बाईंना तिचा पदोपदी उपयोग झाला होता. हे त्यांनी जावयाला अर्थातच सांगितलं नाही.

आता खरी गोष्ट अशी होती की लेकीच्या पोटातलं मूल आडवं होतं. सिस्टरबाईंनी आल्या दिवशीच पोटावर हात ठेवून ते ओळखलं आणि त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. डॉक्टरांनीही तेच सांगितलं. ऑपरेशनच करावं लागेल, आणि तेही कळा सुरू व्हायच्या आत. मोठं हॉस्पिटल तीस किलोमीटरवर. तिथे भूल देणारा डॉक्टर आठवड्यातून एकदाच यायचा, गुरुवारी सकाळी. हा गुरुवार चुकला तर पुढचा थेट आठ दिवसांनी, आणि मूल काही आठ दिवस थांबणार नव्हतं. ॲम्ब्युलन्स कधीच्याच जागेवर बसल्या होत्या. खालच्या मजल्यावर एक टॅक्सीवाला राहायचा, त्याची जुनी गाडी अंगणात ताडपत्रीखाली झोपलेली असायची.

"गाडी माझी, पेट्रोल तुमचं," टॅक्सीवाला म्हणाला होता. "जायला-यायला पाच लिटर. एक थेंब कमी असेल तर किल्लीला हात लावणार नाही, आत्ताच सांगतो."

पेट्रोल गावात फक्त बुधवारी यायचं, माणशी पाच लिटरचा एक कॅन. आणि बुधवारीच गावाला पाणी सुटायचं. जावई पंपावरून हलला तर अर्धं गाव तहानलेलं राहिलं असतं. म्हणजे उरलं कोण?

"मी जाते," सिस्टरबाई म्हणाल्या.

बुधवारी उजाडायच्या बेताला जावयाने कॅन आणून दारात ठेवला. "आई, उन्हाचं डोक्यावर काहीतरी घ्या. पाण्याची बाटली सोडू नका. आणि रांगेत भांडू नका हं."

"मी कधी कुणाशी भांडले?"

आतून अंथरुणावरून लेक हसली आणि हसता हसता पोट धरून "आई गं" म्हणाली. "हसू नको गं मेली," त्या म्हणाल्या आणि स्पिरिट-पट्ट्यांची पिशवी खांद्याला अडकवून, कॅन उचलून जिना उतरल्या.

पेट्रोल पंपाबाहेर साठ-एक माणसं आधीच उभी होती. रांगेच्या तोंडाशी एक उंच, काटकुळा माणूस गळ्यात शिट्टी घालून फिरत होता. तो पूर्वी बसवर कंडक्टर होता. बस बंद पडल्या, पण माणसांना ओळीत उभं करायची त्याची खोड काही गेली नाही, म्हणून गावाने त्यालाच रांगेचा मुखत्यार करून टाकलं होतं. त्याच्या हातात काळं मार्कर पेन होतं. पूर्वी म्हणे कागदावर नावं लिहायचे. मग एका बुधवारी दोन वेगवेगळ्या याद्या निघाल्या आणि तिघांची डोकी फुटली. तेव्हापासून कागद बंद. नंबर मनगटावर.

"हात पुढे," कंडक्टर म्हणाला आणि बाईंच्या उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूला, नाडीच्या बरोबर वर, त्याने ६३ लिहिलं. "बाई, नवीन दिसता. ऐका. घरचं दुसरं माणूस बदली उभं करायचं असेल तर मला दाखवून करायचं. शिट्टी वाजली की मनगट वर. नंबर दिसला तर रांगेत, नाही दिसला तर बाहेर. बाप असला तरी बाहेर."

"माझ्या थिएटरमध्येही असंच होतं," बाई म्हणाल्या. शिस्तीचा माणूस दिसला की त्यांना बरं वाटायचं.

त्यांच्या पुढे एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी नंबर घेतल्या घेतल्या डोळे मिटले ते मिटलेच. मागे चौसष्ट नंबरवर एक चाळिशीची बाई होती, हाडापेराने मजबूत, हातात घासून चकचकीत केलेला कॅन. तासाभरात दोघींची ओळख झाली. रांगेत ओळख व्हायला कितीसा वेळ लागतो? ती अंडी उबवायची. घरात लाकडाची पेटी, पेटीत दिवे, दिव्यांना वीज. वीज दिवसातून दोन तास. बाकीचा वेळ पेटी एका छोट्या जनरेटरवर चालायची.

"किती अंडी?" बाईंनी विचारलं.

"नव्वद. आज एकोणिसावा दिवस. शुक्रवारी फुटतील." अंडीवालीने कॅन एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "दिवसा गोधड्या घालून भागवते. पण रात्री गार पडलं की संपलं. आज पेट्रोल नाही मिळालं तर उद्या सकाळी नव्वद दगड."

"थर्मामीटर आहे का पेटीत?"

"होता. फुटला. आता पापणीला लावून बघते अंडं."

"पापणीला!" बाईंना हसूही आलं आणि कौतुकही वाटलं. "आम्ही बाळाच्या दुधाची बाटली मनगटाला लावून बघतो. तुझी युक्ती बरी आहे."

अंडीवालीचा नवरा परदेशी कामाला गेला होता आणि चार महिन्यांत त्याचा निरोप नव्हता. पिल्लं मोठी करून ती पिठाशी, तेलाशी बदलायची. "ही नव्वद म्हणजे माझं पुढचं वर्ष आहे, सिस्टर," ती म्हणाली. मग बाईंनीही लेकीचं सांगितलं. आडवं मूल, उद्याचा गुरुवार, सगळंच. अंडीवालीने ऐकून घेतलं आणि स्वतःच्या बाटलीतलं पाणी त्यांना दिलं. बाईंनी यादीप्रमाणे तीनदा नको म्हटलं आणि चौथ्यांदा प्यायल्या.

दुपारपर्यंत दोन शिट्ट्या झाल्या. दोन्ही वेळा बाईंनी शाळेतल्या पोरीसारखं ताठ मनगट वर केलं. त्र्याहत्तर नंबरवाल्या एका बाप्याचा घामाने नंबर फिस्कटला होता, त्याला कंडक्टरने पुढच्या-मागच्या माणसाला विचारून पुन्हा लिहून दिला. तसाही नियम होता तर. पुढच्या म्हाताऱ्यांच्या जागी बाराच्या सुमारास त्यांची सून येऊन उभी राहिली, कंडक्टरला दाखवून, मनगटावर बासष्ट लिहून घेऊन, रीतसर.

आणि मग टँकर आला.

टँकर दिसल्याबरोबर रांगेत अशी काही लाट उठली की कंडक्टर शिट्टी फुंकून फुंकून लालबुंद झाला. माणसं पंपाच्या फाटकावर चालून गेली. त्याने धावत जाऊन फाटक ओढलं, मागून कुणीतरी रेटा दिला आणि फाटकाचा गंजका पत्रा त्याच्या उजव्या तळव्यात घुसला. आधी त्याला कळलंच नाही. मग रक्त कोपरापर्यंत ओघळलं आणि भोवतालची माणसं आपोआप मागे सरली. गर्दी हटवायला शिट्टीने जे झालं नाही ते रक्ताने झालं.

"बाजूला व्हा!" हा आवाज सिस्टरबाईंचा होता. तो कुठून आला हे त्यांनाही कळलं नाही. निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, पण आवाज जागच्या जागी होता. "खाली बसा. हात वर धरा. वर म्हणजे वर, डोक्याच्या वर!" त्यांनी पिशवी उघडली. अंडीवाली पाठोपाठ आलीच होती. तिच्या हातात त्यांनी स्पिरिटची बाटली दिली. "ओत. माझ्या हातांवर. कंजूषपणा करू नको."

अंडीवाली ओतू लागली. बाईंनी बोटं चोळली, बोटांच्या बेचक्या चोळल्या, तळवे, मागची बाजू, मनगटं, आणि तिथून वर कोपरापर्यंत. चाळीस वर्षं ज्या क्रमाने चोळत आल्या होत्या त्याच क्रमाने. मन तर जखमेकडे होतं, हात आपलं काम आपण करत होते. मग त्यांनी जखम पुसली, पत्र्याचा तुकडा काढला, कापूस दाबून धरला, पट्टी बांधली. कंडक्टर दात आवळून बसला होता, पण हूं की चूं केलं नाही.

"टाके हवेत," बाई म्हणाल्या. "पण टाके घालायला दोरा कुठाय तुमच्या देशात! पट्टी भिजवू नका. उद्या बदलायची."

"उपकार झाले, बाई," कंडक्टर म्हणाला.

रांग पुन्हा लागली. पंपाच्या केबिनमधून मालक बाहेर आला, स्टुलावर चढला आणि तोंडाभोवती हातांचा कर्णा करून ओरडला, "ऐका! टँकर अर्धाच आलाय! कॅन फक्त त्रेसष्ट! चौसष्टपासून पुढच्यांनी घरी जा! पुढचा बुधवार!"

मागे एकदम कालवा झाला. शिव्या, रडणं, कॅन आपटणं. सिस्टरबाईंनी छातीवर हात ठेवला. त्रेसष्ट! अगदी काठावर. शेवटचा कॅन आपला. देवा, वाचवलंस! आणि त्याच क्षणी त्यांना मागच्या बाईची आठवण झाली. त्यांनी वळून पाहिलं. अंडीवाली जमिनीकडे बघत होती. ओरडणाऱ्यांत ती नव्हती आणि घरीही जात नव्हती. नुसती उभी होती.

कंडक्टरने डाव्या हाताने शिट्टी वाजवली. शेवटची हजेरी. आता ज्याचा नंबर दिसेल तोच फाटकाच्या आत.

तो एकेक मनगट बघत आला. एकसष्ट. बासष्ट. सिस्टरबाईंनी हात पुढे केला आणि तो पुढे करतानाच त्यांची नजर त्यावर पडली.

मनगट लखलखीत स्वच्छ होतं. एक काळी रेघ नाही, एक डाग नाही. स्पिरिटने शाई अशी निघाली होती की तिथे कधी काही लिहिलंच नव्हतं.

"नंबर?" कंडक्टर म्हणाला.

"त्रेसष्ट! तुम्हीच तर लिहिला. तुमचा हात बांधायला मी हात धुतले, त्यात गेला. तुमच्या डोळ्यांसमोर."

"माझे डोळे मिटलेले होते, बाई. कळ लागत होती."

"अहो, पण मी इथेच होते ना सकाळपासून! तुम्ही ओळखता मला!"

मागची माणसं गोळा होऊ लागली होती. कुणीतरी म्हणालं, "हात पुसून पुढचा नंबर सांगायची जुनी युक्ती आहे ही." दुसरा म्हणाला, "पट्टी बांधली म्हणून सोडणार का?" कंडक्टरने आपला बांधलेला हात वर धरला. बाईंनी नीट बांधलेली, टोक आत खोचलेली पट्टी.

"बाई," तो हळू म्हणाला, "ही पट्टी माझ्या हातावर नसती तर मी तुम्हाला कदाचित आत घेतलंही असतं. आता नाही घेऊ शकत. हे म्हणतील, पट्टीच्या बदल्यात पेट्रोल दिलं. आणि एकदा असं म्हटलं गेलं की पुढच्या बुधवारी इथे रांग राहणार नाही, मारामारी राहील."

सिस्टरबाईंना राग आला. असा राग की कानशिलं तापली. पण त्याहून वाईट हे होतं की माणूस बरोबर बोलत होता. त्यांच्या थिएटरमध्ये कुणी नियम मोडून आत आलं असतं तर त्यांनीही हेच केलं असतं. बावीस कलमं लिहिली मेल्याने! लिफ्टचं लिहिलं, साखरेचं लिहिलं. मनगट धुऊ नका एवढं एक लिहिता आलं नाही? पण तो तरी कशाला लिहील? इथल्या शेंबड्या पोरालाही जे माहीत आहे ते कुणी कागदावर लिहितं का?

"साक्ष," त्या म्हणाल्या. "पुढच्या-मागच्याची साक्ष चालते ना? त्या त्र्याहत्तरवाल्याला चालली."

कंडक्टरने पुढच्या सुनेकडे पाहिलं. ती बिचारी घाबरून म्हणाली, "मी बारा वाजता आले हो. या माझ्या मागे होत्या, पण यांचा नंबर मी बघितला नाही. खोटं कसं सांगू?"

मग कंडक्टर मागे वळला. "चौसष्ट?"

अंडीवालीने मान वर केली. सगळ्यांना हिशोब कळत होता, तो करायला शाळा शिकावी लागत नव्हती. त्रेसष्ट गेला तर चौसष्ट आत. शेवटचा कॅन. नव्वद अंडी. तिने नुसतं 'मला माहीत नाही' म्हणायचं होतं. खोटं बोलायचीही गरज नव्हती, खांदे उडवले तरी पुरलं असतं.

सिस्टरबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. भीक मागितल्यासारखं वाटू नये म्हणून. त्यांच्या डोळ्यांसमोर लेकीचं पोट आलं, सकाळी हसताना धरलेलं. त्यांनी रिकामा कॅन दोन्ही हातांनी छातीशी धरला. मी घाबरते, असं त्या आयुष्यात पहिल्यांदा स्वतःशी म्हणाल्या. घाबरले आहे मी.

"चौसष्ट, बोल लवकर. टँकर थांबायचा नाही."

अंडीवालीने आपला चकचकीत कॅन खाली ठेवला. "त्रेसष्ट होता," ती म्हणाली. "स्पिरिट मीच ओतलं. माझ्यासमोर पुसला गेला."

जिचं नुकसान तीच बोलली म्हटल्यावर बाकीच्यांनी काय बोलायचं? कंडक्टरने डाव्या हाताने मार्कर धरलं आणि पहिलीतल्या पोरासारखे वाकडेतिकडे आकडे काढले. बाईंनी त्या मनगटाला दुसऱ्या हाताने स्पर्शही केला नाही. तसाच हात लांब धरून त्या फाटकातून आत गेल्या.

भरलेला कॅन घेऊन त्या बाहेर आल्या तेव्हा रांग पांगली होती. अंडीवाली कुंपणाच्या कट्ट्यावर रिकामा कॅन मांडीवर घेऊन बसली होती. बाई तिच्याजवळ गेल्या.

"तुझे पांग कसे फेडू, सांग."

"फेडू नका," अंडीवाली तुटकपणे म्हणाली. "मी ओतत होते ना, तेव्हाच बघितलं होतं मी. तुमचा नंबर विरघळत होता. बोलणार होते. जीभ उचलली नाही. म्हटलं, पेट्रोल कमी पडलं तर…" तिने वाक्य अर्धवट सोडलं. "तेव्हाच बोलायला हवं होतं. तुम्हाला रिकामा कॅन छातीशी धरताना बघून बोलले, त्यात काय मोठं?"

सिस्टरबाईंच्या अंगात पुन्हा राग उसळला. हिने बघितलं! हिने बघितलं आणि ओतत राहिली! लेक, नातवंड, गुरुवार, सगळं ऐकून घेतल्यावर! त्यांच्या तोंडाशी शब्द आले होते, आणि ते चांगले नव्हते. पण मग त्यांना वाटलं, मी तिच्या जागी असते तर? माझ्या लेकीसाठी मी गप्प बसले नसते का? बसले असते. अगदी दातखीळ बसल्यासारखी बसले असते, आणि शेवटीसुद्धा तोंड उघडलं नसतं. हे कळलं तेव्हा त्या धपकन तिच्या शेजारी बसल्या.

"तुझा कॅन उघड," त्या म्हणाल्या.

"काय?"

"उघड म्हणते ना. जायला तीन पुरतात. यायचं नंतर बघू. दोन लिटरमध्ये दोन रात्री निघतील?"

"जपून चालवलं तर निघतील. पण तुमचा टॅक्सीवाला…"

"त्याला मी बघते. तू पापणीला अंडी लाव."

बघते म्हणणं सोपं होतं. टॅक्सीवाल्याने कॅन हलवून बघितला आणि किल्ली खिशात टाकली. "पाच म्हटलं होतं. हॉस्पिटलच्या दारात मी काय गाडीचं घर करून राहू?" जावई नुकताच पाण्याच्या पंपावरून आला होता, ओलाचिंब. त्याने सगळं ऐकलं आणि पायरीवर बसला.

"आई, एक थेंब कमी नको, असं सांगितलं होतं ना?" तो रडकुंडीला आला होता. "मी तुम्हाला सगळं लिहून दिलं होतं."

"सगळं नव्हतं दिलं," बाई म्हणाल्या. आणि टॅक्सीवाल्याकडे वळल्या. "शुक्रवारी नव्वद पिल्लं निघतायत. त्यातली चार तुझी. अंडीवालीने कबूल केलंय."

टॅक्सीवाल्याने डोळे बारीक केले. "दहा."

"सहा. आणि हॉस्पिटलात असेपर्यंत तुझं जेवण माझ्याकडे."

"आठ. आणि कोंबडे नकोत."

"एक दिवसाच्या पिल्लात कोंबडा कुठला ते देवालाही कळत नाही. आठ तर आठ." टॅक्सीवाल्याने किल्ली पुन्हा बाहेर काढली.

गुरुवारी फटफटायला निघाले. लेक मागे आईच्या मांडीवर डोकं ठेवून आडवी, जावई पुढे. टॅक्सीवाला उतारावर इंजिन बंद करायचा, चढाला पुन्हा सुरू करायचा, आणि प्रत्येक वेळी सुरू होईपर्यंत गाडीत कुणी श्वास घेत नव्हतं. निम्म्या वाटेत लेकीने आईचा हात घट्ट आवळला.

"आई, दुखतंय."

"कसं?"

"येतंय आणि जातंय."

बाईंनी घड्याळात बघितलं. पुढची कळ अकरा मिनिटांनी. तिच्या पुढची नऊ. त्यांनी जावयाला सांगितलं नाही, टॅक्सीवाल्याला सांगितलं, "आता इंजिन बंद करू नको. उतार असो नाहीतर काही असो."

"मग पुरणार नाही!"

"मी सांगते ना!"

हॉस्पिटलच्या फाटकाशी गाडी खोकली, दोन धक्के दिले आणि थांबली. उरलेली पन्नास पावलं जावई आणि टॅक्सीवाल्याने लेकीला खुर्चीसारखं हातांवर उचलून नेलं. भूल देणारा डॉक्टर हात धूत होता. सिस्टरबाईंनी त्याला तीन वाक्यांत सगळं सांगितलं, त्याने मान हलवली आणि दार बंद झालं. आयुष्यात पहिल्यांदाच त्या दाराच्या बाहेरच्या बाजूला होत्या. त्या बाकावर बसल्या, उठल्या, बसल्या. जावई भिंतीला डोकं टेकून उभा होता. बाईंना त्याची एकदम दया आली. "घाबरू नका, जावईबापू," त्या म्हणाल्या, आणि दोघांनाही यादी आठवली, पण हसू कुणालाच आलं नाही.

पाऊण तासाने रडणं ऐकू आलं. मग दार उघडून तिथली नर्स आली, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, हातात दोन गाठोडी. आज सकाळी दोन ऑपरेशनं झाली होती, दोन्ही मुली. "तुमची लेक ठीक आहे. रक्त बेताचंच गेलं," ती म्हणाली आणि दोन्ही बाळं एकाच पाळण्यात शेजारी शेजारी ठेवली. पाळणेही कमी होते.

सिस्टरबाई ढसाढसा रडल्या. लपवलं नाही की तोंड फिरवलं नाही. जावईही रडला. मग बाईंनी डोळे पुसले आणि सवयीने तपासणीला लागल्या. रंग चांगला. श्वास चांगला. बोटं दहा, दहा. एका पायाच्या घोट्याजवळ रक्त वाळलेलं, आणि त्याच्या बाजूला काहीतरी काळपट लागलेलं. छी, कुणी नीट पुसलंही नाही लेकराला! त्यांचा हात पिशवीत गेला, कापूस निघाला, स्पिरिट निघालं, कापूस भिजला. तो पायाच्या इतका जवळ गेला की बाळाने गार वाटून पाय आखडला.

आणि हात तिथेच थांबला.

ते काळपट म्हणजे पेनने लिहिलेला आकडा होता. १४. शेजारच्या मुलीच्या पायावर ९ होता.

"बाळांच्या हाताचे पट्टे दोन महिन्यांपूर्वीच संपले," नर्स म्हणाली. "आईच्या खाटेचा नंबर लिहितो, तुमची लेक चौदावर आहे. तेवढीच खूण."

सिस्टरबाईंनी तो कापूस दोन बोटांत धरून दूर, दाराबाहेरच्या बादलीत नेऊन टाकला. स्पिरिटच्या बाटलीचं झाकण दोनदा आवळून बघितलं आणि ती जावयाच्या हातात दिली. "हे गाडीत नेऊन ठेवा," त्या म्हणाल्या. त्यांच्या स्वतःच्या मनगटावर वाकडंतिकडं त्रेसष्ट तसंच होतं. मग त्यांनी पाळण्याजवळ खुर्ची ओढली आणि पांघरुणाने आकडा घासला जाऊ नये म्हणून तो इवलासा पाय आपल्या ओंजळीत धरून बसल्या.

दुपारी आयाबाई कोमट पाण्याचं भांडं आणि साबण घेऊन आली. "आजी, द्या नात. अंघोळ घालते."

चाळीस वर्षं जिने दुसऱ्यांना हात धुवायला लावले, ती बाई घाईघाईने उठून मध्ये उभी राहिली.

"नको," सिस्टरबाई म्हणाल्या. "तिची आई शुद्धीवर येऊन तिला बघेपर्यंत धुऊ नको."